फोटोत नसलेला गिटारिस्ट

गायडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकन रॉक बँडचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी 'क्लासिक लाईनअप' म्हणतंच. क्लासिक लाईनअप म्हणजे कोण, तर गाणारा रॉबर्ट पोलार्ड, गिटार आणि गाण्यावर टोबिन स्प्राउट, दुसरा गिटारवाला मिच मिचेल (गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा ड्रमर तो वेगळा, नाव सेम आहे फक्त), ड्रम्सवर केविन फेनेल आणि पट्ट्यापट्ट्यांची पँट घालून बेस वाजवणारा ग्रेग डेमॉस. या पाच जणांचे फोटो, या पाच जणांच्या काळातल्या रेकॉर्ड्स, या पाच जणांचे किस्से. आता हिशोब बघा. बँड सुरू झाला 1983 ला, आणि ही पाच माणसं त्यांच्या गाजलेल्या काळात एकत्र होती ती साधारण 1993 ते 96, त्यातही डेमॉस मध्येच वकिलीच्या मागे लागला आणि त्याच्या जागी जेम्स ग्रीअर आला, जो 'स्पिन' मासिकात संगीतावर लिहायचा आणि ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्यातच जाऊन बसला. म्हणजे चाळीस वर्षांच्या बँडमधली तीन-चार वर्षं, आणि सगळी ओळख तेवढ्यावरच.

मला त्या पाच जणांबद्दल अजिबात आकस नाही, त्यांच्या रेकॉर्ड्स मी भक्तिभावाने ऐकल्या आहेत, अजूनही ऐकतो. पण माझा जीव अडकलाय तो डग गिलार्ड या गिटारवाल्यामध्ये. तो 1997 ला आला, सगळं गाजून झाल्यावर. आणि जुन्या फॅन लोकांनी त्याला बरीच वर्षं बदली नटासारखं वागवलं, म्हणजे काम चांगलं करतोय हो, पण मूळ नट तो मूळ नट.

गिलार्डकडे जायच्या आधी मास्तरांकडे जाऊ. कारण पोलार्ड खरोखरचा मास्तर होता, चौथीच्या वर्गाचा.

ओहायो राज्यातलं डेटन हे त्याचं गाव. राईट बंधूंचं गाव, कारखान्यांचं गाव, रॉक स्टार होण्यासाठी कुणी मुद्दाम जाऊन राहील असं नाही (ब्रीडर्स हा बँड पण डेटनचाच, त्यामुळे त्या पाण्यात काहीतरी असावं). पोलार्डचा जन्म 1957 चा. कॉलेजात तो बेसबॉलचा चांगला पिचर होता, राईट स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळताना 1978 ला त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिला नाही. त्यानंतर शाळेत नोकरी, लग्न, मुलं. आणि सोबत गाणी. गाणी म्हणजे ढिगाने. वर्गात पोरांना धडा वाचायला लावून हा डोक्यात चाली जुळवत असणार असं मला आपलं वाटतं.

ऐंशीच्या दशकातली लाईनअप लिहून काढायचा प्रयत्न बऱ्याच लोकांनी केलाय आणि प्रत्येकाची यादी थोडी वेगळी येते, कारण त्या काळात बँड म्हणजे त्या दिवशी जो आला तो. सख्खा भाऊ जिम, शाळेपासूनचे मित्र, मित्रांचे मित्र, एखादा नुसता बिअर प्यायला आलेला. गावातल्या बारमध्ये सुरुवातीला वाजवलं, कुणाला फारसं झेपलं नाही, मग लोकांसमोर वाजवणं जवळजवळ बंदच. पण रेकॉर्ड काढणं बंद नाही. 1986 पासून स्वतःच्या खर्चाने, कर्ज काढून, थोड्याशा कॉपी छापायच्या, ओळखीत वाटायच्या, बाकीच्या खोक्यात पडून. घरचे वैतागलेले. पस्तिशीला आलेला, बायकामुलं असलेला शिक्षक माणूस कुणी मागितलेल्या नसताना एकामागून एक रेकॉर्ड काढतोय, पैसे फक्त जातायत, आणि शो सुद्धा करत नाहीये. आपल्या घरात असा कुणी असता तर आपण काय केलं असतं ते सांगायला नकोच.

तर 1992 ला त्याने ठरवलं की आता बास, ही शेवटची रेकॉर्ड. तिचं नाव 'प्रोपेलर'. फक्त 500 कॉपी छापल्या आणि कव्हर छापायला पैसे नव्हते म्हणून सगळ्यांनी मिळून हाताने कव्हरं बनवली, प्रत्येक वेगळं. कुणी रंग फासलाय, कुणी मासिकातली चित्रं कापून चिकटवलीयत, कुणी नुसतं काहीतरी खरडलंय. आज त्यातली एखादी विकायला निघाली तर हजारो डॉलर मोजून घेणारे लोक आहेत. पण मला त्या कव्हरांपेक्षा रेकॉर्डची पहिली काही सेकंदं जास्त भारी वाटतात. सुरुवातीलाच पब्लिकचा गलका ऐकू येतो, आणि लोक बँडची आद्याक्षरं ओरडतायत, 'जी-बी-व्ही! जी-बी-व्ही!' ऐकणाऱ्याला वाटावं मोठ्ठा हॉल भरलाय. प्रत्यक्षात बँडवाले आणि दोस्त मंडळी स्टुडिओत उभी राहून स्वतःच स्वतःच्या नावाने ओरडतायत. ज्या बँडला त्या वेळी गावातलं कुत्रं ओळखत नव्हतं त्या बँडने स्वतःची पब्लिक स्वतःच बनवली, टेपवर. आणि पुढे दोनेक वर्षांत खरीखुरी पब्लिक खरोखरच्या हॉलमध्ये हेच ओरडायला लागली, आणि पुढे कित्येक वर्षं ओरडत राहिली. हे इतकं नीट जुळून आलंय की कथेत कुणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

क्लीव्हलंडच्या स्कॅट रेकॉर्ड्स कंपनीने त्यांना उचललं, 1993 ला न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमध्ये शो झाला, आणि 1994 ला 'बी थाउजंड' हा अल्बम आला. वीस गाणी, 36 मिनिटं. पोलार्डचं वय पण 36. त्याच सुमारास मास्तरांनी शाळा सोडली.

इथे रेकॉर्डिंगचं थोडं सांगायला पाहिजे, कारण लाईनअपचं पुढचं सगळं रामायण त्यातूनच निघतं. हे लोक फोर-ट्रॅकवर रेकॉर्ड करायचे, म्हणजे साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं मशीन. एकावर ड्रम्स, एकावर गिटार, एकावर आवाज, असं करत चार संपले की संपले, अजून काही घालायचं असेल तर आधीचे ट्रॅक एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे आणि प्रत्येक वेळी टेपची सर्रसर्र थोडी वाढत जाते, आवाज दबत जातो, झांज तर पत्रा वाजवल्यासारखी येते. हे सगळं तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये. 'बी थाउजंड'च्या पहिल्याच गाण्यात शेवटाकडे गिटार मध्येच गायब होते, परत येते, परत जाते. दुसऱ्या कुणीही तो टेक फेकून दिला असता, निदान तो पहिला नंबर तरी ठेवला नसता. यांनी ठेवला. हेडफोन लावून ऐकलं तर एका कानात अचानक पोकळी होते आणि पोलार्ड आपला गातोय बिनघोर, जणू काही झालंच नाही. पुढच्या वर्षीच्या 'एलियन लेन्स'मध्ये तर एका गाण्याच्या मागे कुणीतरी चक्क घोरतंय.

या कामात पोलार्डचा खरा जोडीदार स्प्राउट. मशीन सांभाळणारा, रेकॉर्ड करणारा, आणि स्वतः गाणी लिहिणारा, मऊ आवाजात गाणारा. पोलार्ड एकदम अंगावर येणारा गवय्या, तर स्प्राउट शेजारच्या खोलीत बसून गुणगुणल्यासारखा. स्वभावाने चित्रकार माणूस, आणि खरोखर चित्रकार आहेच. पोलार्डच्या चार गाण्यांनंतर स्प्राउटचं एक आलं की श्वास घ्यायला जागा मिळायची. ही जागा पुढच्या रेकॉर्ड्समध्ये बराच काळ नाहीये, आणि हे क्लासिकवाल्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

मॅटाडोर कंपनीने करार केला, 'एलियन लेन्स' 1995 ला आला, 28 गाणी 41 मिनिटांत. ग्रीअरने पुढे लिहून ठेवलंय की कंपनीने लाखभर डॉलर ॲडव्हान्स दिला आणि रेकॉर्डिंगला खर्च आला दहा डॉलर. बिअरचा खर्च त्यात धरला नसावा.

मग 1996 संपता संपता मोडलं. भांडण म्हणाल तर एखादं मोठं गाजलेलं भांडण नाही, थोडं थोडं सगळंच. स्प्राउटला मूल झालं होतं, घर सोडून महिनोन्‌महिने व्हॅनमध्ये फिरायचा कंटाळा आला होता, स्वतःची गाणी स्वतःच्या नावाने काढायची होती. आणि पोलार्डला आता तळघराचा कंटाळा आला होता. हे लोक विसरतात. लोकांना वाटतं त्या सर्रसर्र आवाजात त्याची तत्त्वनिष्ठा होती. अहो, पैसे नव्हते म्हणून तसं रेकॉर्ड केलं! हा माणूस लहानपणापासून 'द हू' हा बँड ऐकत वाढलेला, त्याला मोठ्या स्टेजवर माईक गरागरा फिरवत, लाथा उडवत गायचं होतं, आणि त्यासाठी वाजवणारे लागतात. नुसते मित्र पुरत नाहीत.

तर त्याने काय केलं, क्लीव्हलंडचा कोब्रा व्हर्डे नावाचा एक अख्खा बँडच उचलला. माणसं एकेक करून बदलायची भानगडच नाही, सगळी टीम रेडीमेड. त्या टीमबरोबर 1997 चा 'मॅग इअरविग' केला. जुन्या लोकांना हा प्रकार अजिबात आवडला नाही आणि मला तेव्हाच्या त्यांच्या रागाची कल्पना करता येते, मित्रांचा म्हणून ज्या बँडवर प्रेम केलं तो एका रात्रीत भाडोत्री झाला. ते पर्व फार टिकलं नाही, वर्षभरात कोब्रा व्हर्डेवाले आपल्या वाटेने गेले. फक्त त्यांच्यातला गिटारवाला राहिला.

तोच गिलार्ड. आधी क्लीव्हलंडमध्ये डेथ ऑफ समॅन्था या बँडमध्ये वाजवलेला, मग जेम नावाच्या बँडमध्ये, दोन्ही नावं आपल्यापैकी फार कुणी ऐकली नसतील. 'मॅग इअरविग'मधलं सगळ्यात जोरदार गाणं, 'आय ॲम अ ट्री', हे गिलार्डने लिहिलेलं, जेमच्या काळातलं. म्हणजे आल्या आल्या नवा पोरगा स्वतःचं गाणं घेऊन आला आणि मालकाने, ज्याच्या स्वतःच्या खोक्यात हजार गाणी पडलेली, ते गाऊन टाकलं. हे पोलार्डचं मोठेपण, त्याला चांगलं गाणं दिसलं की कळतं.

गिलार्ड कसा वाजवतो हे शब्दांत सांगायचं म्हणजे अवघडच आहे पण बघतो. पोलार्डची चाल बऱ्याचदा अर्धवट असते, एक ओळ सुंदर, दुसरी ओळ कुठून आली कळत नाही, आणि अडीच मिनिटांच्या आत गाणं खल्लास. मिचेल त्यावर दणादण कॉर्ड्स मारायचा, झालं. गिलार्ड दोन ओळींच्या मधल्या जागेत काहीतरी म्हणतो. छोटीशी सुरावट, चारपाच सुरांची, जी पुढच्या कडव्यात परत येते तेव्हा थोडी वेगळी असते, आणि शेवटाला कळतं की आपण गुणगुणतोय ती गिटारची ओळ, गाण्याची नाहीच. सोलो घेतो तोही लांबण न लावता. मी वाजवतो हे बघा असला प्रकार त्याच्यात नाही. एकदा हे कान धरून ऐकायला लागलं की मग सुटत नाही.

1999 ला या दोघांनी मिळून बँडच्या नावाशिवाय एक रेकॉर्ड काढली, नाव लांबलचक आहे, 'स्पीक काइंडली ऑफ युवर व्हॉलंटिअर फायर डिपार्टमेंट'. गिलार्डने घरी एकट्याने सगळी वाद्यं वाजवून रेकॉर्ड केलं आणि पोलार्ड त्यावर गायला. बस. माझ्या मते पोलार्डच्या अवाढव्य ढिगाऱ्यातली ही पहिल्या पाचात येते आणि 'बी थाउजंड'वर जेवढं लिहिलं गेलंय त्याच्या शंभरावा हिस्साही हिच्यावर लिहिलेलं सापडत नाही.

त्याच वर्षी बँड टीव्हीटी कंपनीकडे गेला आणि कार्स बँडच्या रिक ओकासेकने 'डू द कोलॅप्स' प्रोड्यूस केला, रेडिओवर वाजावा म्हणून चकचकीत केलेला. ड्रम्सवर ब्रीडर्सचा जिम मॅकफर्सन. ओकासेकने म्हणे स्टुडिओत दारू बंद ठेवली होती, या बँडला! स्टेजवर बिअरचा कूलर ठेवून शो करणाऱ्यांना! रेकॉर्ड ठीक आहे, एका बॅलडला, म्हणजे संथ गाण्याला, हिट करायचा फार प्रयत्न झाला, नाही झालं. पुढचा 2001 चा 'आयसोलेशन ड्रिल्स' मात्र बावनकशी. पोलार्डचं लग्न मोडत होतं त्या काळातला, त्यामुळे एरवी कोड्यात बोलणारा माणूस जरा सरळ बोलतो, आणि गिलार्ड त्याला कुठेही एकटं सोडत नाही. मग ड्रम्सवर केविन मार्च आला, परत मॅटाडोर, आणि 2004 च्या 31 डिसेंबरला शिकागोच्या मेट्रो या क्लबमध्ये शेवटचा शो. जवळजवळ चार तास, साठच्या वर गाणी. संपलं.

संपलं नाही अर्थात. मॅटाडोरला 21 वर्षं झाली म्हणून 2010 ला लास व्हेगासमध्ये सोहळा झाला आणि त्यासाठी बँड परत आला. पण कोणता? क्लासिक. स्प्राउट, मिचेल, फेनेल, डेमॉस. सात-आठ वर्षं ज्याने प्रत्येक शोला, प्रत्येक रेकॉर्डवर खिंड लढवली तो गिलार्ड तोपर्यंत न्यूयॉर्कमध्ये नाडा सर्फ बँडबरोबर वाजवत होता. लोक खुश, जुने फोटो परत निघाले, 2012 या एका वर्षात तीन अल्बम आले. स्प्राउटची गाणी परत ऐकायला मिळाली आणि त्यातली काही खरंच फार छान आहेत. पण बाकी मला कायम वाटत राहिलं की आपण गेट-टुगेदरला आलोय. सगळे भेटले, मजा आली, गळ्यात गळे घातले, आणि आठवडाभरात आठवलं की आपण वेगळे का झालो होतो. 2013 ला फेनेलने त्या जुन्या रेकॉर्ड्सवर वाजवलेला ड्रमसेट ऑनलाईन विकायला काढला, किंमत 55,000 डॉलर, त्यावरून बिनसलं, चारचौघांत धुणी धुतली गेली, आणि त्याच्या जागी आला कोण, तर 2004 वाला केविन मार्च. 2014 च्या सप्टेंबरमध्ये उरलेली टूर रद्द करून बँड परत एकदा बंद.

2016 ला पोलार्डने बँडच्या नावाने एक अल्बम काढला ज्यात सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवली. बँडमध्ये माणसंच नकोत हा प्रयोगही करून झाला म्हणायचा. पण एकट्याने शो करता येत नाही, मग परत जमवाजमव, मार्च आला, बेसवर मार्क शू, गिटारवर नॅशव्हिलचा बॉबी बेअर ज्युनिअर (याचे वडील कंट्री संगीतातलं बडं प्रस्थ), आणि दुसऱ्या गिटारवर निक मिचेल, जो काही महिन्यांतच गेला. टूर चालू, जागा रिकामी. आणि फोन गेला गिलार्डला.

हा माणूस नाही म्हणू शकला असता. सहा वर्षांपूर्वी त्याला वगळून सगळा सोहळा झाला होता. तो आला.

तेव्हापासून हीच टीम. पोलार्ड, गिलार्ड, बेअर, मार्च, शू. क्लासिक म्हणतात ती लाईनअप जेवढी टिकली त्याच्या दुप्पटीहून जास्त वर्षं ही टिकलीय, आणि अल्बम तर दीड डझनाच्या वर. 2017 चा 'ऑगस्ट बाय केक' हा पोलार्डचा सगळं मिळून शंभरावा स्टुडिओ अल्बम होता आणि त्यात त्याने बाकीच्या चौघांनाही गाणी द्यायला लावली. स्प्राउटनंतर जी श्वास घ्यायची जागा गायब होती ती निदान एका अल्बमपुरती परत आली. 2019 च्या 31 डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये यांनी एका रात्रीत शंभर गाणी वाजवली. शंभर! गाणाऱ्याची स्वतःची गाणी आहेत, तो निभावून नेईल, पण बाकीच्यांनी दुसऱ्यांनी तळघरात वाजवलेली, चुकलेली, अर्धवट तुटणारी गाणी बसून नीट बसवली. 2020 ला कोविडमध्ये सगळे आपापल्या घरी अडकले तर आपापला भाग घरीच रेकॉर्ड करून पाठवला आणि त्याचाही अल्बम झाला, त्या वर्षी तीन आले.

इतके अल्बम काढायची गरज आहे का? नाही. निम्मे जरी काढले असते आणि गाणी निवडून घेतली असती तरी चाललं असतं, कधी कधी सलग चार गाणी अशी जातात की लक्षातच राहत नाहीत. पोलार्डला निवड करायची नसते, त्याला पुढचं गाणं करायचं असतं, तो 1986 पासून तसाच आहे. आणि हेही खरं की नाव त्याचं आहे, तो कधीही कुणालाही जा म्हणू शकतो, म्हटलेलं आहे. या बँडमध्ये मैत्री आणि नोकरी यांची सरमिसळ कायमच राहिली, मित्र होते त्यांची नोकरी झाली तेव्हा मोडलं, आणि जे नोकरीवर आले त्यांचं मात्र टिकलं. यातून काही नियम काढायच्या मी फंदात पडत नाही. कदाचित नोकरीवर आलेल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की गाणी कुणाची आणि शेवटचा शब्द कुणाचा, त्यामुळे अपेक्षाभंग कमी.

नव्याने ऐकायचं असेल तर 'बी थाउजंड'नेच सुरू करा, त्याला पर्याय नाही, गायब होणाऱ्या गिटारसकट. मग थेट 'आयसोलेशन ड्रिल्स'. मग 2018 चा 'स्पेस गन', या टीमचा सगळ्यात आटोपशीर अल्बम, पहिलं गाणं जरा मोठ्या आवाजात लावा. आणि 2021 चा 'अर्थ मॅन ब्लूज', जुन्या टाकून दिलेल्या गाण्यांतून उभा केलेला. अल्बमची पूर्ण यादी शोधू नका, घाबरायला होतं, मी स्वतः सगळे ऐकलेले नाहीत आणि हे वाचेपर्यंत कदाचित अजून एक आलेला असेल.